बवानालीनं उत्तर का दिलं नाही?

१

बवानाली तळ्याकाठच्या आपल्या धुरीघरात मेलेला सापडला, तो शुक्रवार होता. पहाटेच्या नमाजाला सगळ्यांच्या आधी हजर असणारा माणूस आला नाही, म्हणून त्याची बायको आसियातू शोधायला निघाली. वाटेत तिचा थोरला भाऊ कासिमू भेटला. दोघं मिळून धुरीघरापाशी गेली. दार लोटलेलं होतं. आत मासे धुरवायच्या चुलाणात राख, वरच्या जाळीवर मासे तसेच, आणि जमिनीवर कुशीवर पडलेला बवानाली. कानामागे डोकं फुटलेलं. शेजारी एक वल्हं. पायाशी त्याची करडी मांजर, तीसुद्धा मेलेली.

मांजरीकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

सरकारी दवाखान्यातला माणूस आला, त्यानं डोक्याची जखम पाहिली, मान हलवली आणि गेला. आमच्यात मयत ठेवत नाहीत. दुपारच्या आत दफन झालं. कबरीवरची माती अजून ओली होती, तेवढ्यात आसियातूचा पहिल्या नवऱ्याचा मुलगा त्वाइबू आपल्या पायानं पोलीस चौकीत गेला आणि म्हणाला, "वल्ह्यानं मी मारलं त्याला. मला आत घाला."

बवानालीवर राग धरून असलेले लोक किनाऱ्यावर पुष्कळ होते. तो किनारा समितीचा प्रमुख. मासेमारीबंदीच्या दिवसांत कुणी चोरून जाळं टाकलं, तर ते जाळं भर किनाऱ्यावर जाळायचा आणि वर तोंडानं सालटी काढायचा. पण आता कुणाकडे बघायची गरजच उरली नव्हती.

"मयत आहे, हत्यार आहे, कबुली आहे," इन्स्पेक्टर काम्वेंडो आम्हाला म्हणाले. "तुम्ही येऊन काय उजेड पाडणार?"

खरं सांगायचं तर मलाही तोच प्रश्न पडला होता.

२

मी सालीमू. गरिबांना फुकट वकील देणाऱ्या सरकारी कचेरीत दुभाष्या म्हणून माझं आयुष्य गेलं. त्या दिवशी माझ्याबरोबर आमची टिओंगे म्सोवोया होती. ती उत्तरेकडची, तिला आमची याओ बोली येत नाही. म्हणून मी. दोन वर्षं केप टाउनला जाऊन फौजदारी कायद्यातली मोठी पदवी घेऊन ती नुकतीच परत आली होती. कचेरीत सगळे तिची चेष्टा करत. तिच्याबरोबर शिकलेली एक मुलगी सरकारी वकील झाली, एकजण बँकेत अफरातफरी शोधतो, एक परदेशी न्यायालयात गेला. ही मात्र आमच्याच गळक्या छपराखाली, त्याच डुगडुगत्या खुर्चीत.

गाडीत मीही सोडलं नाही. "वकीलबाई, दोन वर्षं घालवून मिळालं काय म्हणायचं? आधीही केस हरायचात, आता इंग्रजीतून हराल."

ती तेलात तळलेली गोड मंडासी खात होती. तोंडातला घास संपवून म्हणाली, "सालीमूकाका, आधी मी एकच प्रश्न विचारायचे, कुणी केलं? आता कळलं की तो शेवटचा प्रश्न आहे. आधी विचारायचं, नेमकं झालं काय. मग, ते कशामुळे झालं. मग, करणाऱ्याच्या मनात काय होतं. हा क्रम चुकला की निरपराध माणूस आत जातो."

"एवढ्यासाठी दोन वर्षं?"

"एक वर्ष प्रश्न शिकायला गेलं. दुसरं तोंड बंद ठेवायला."

कोठडीत त्वाइबू भिंतीला टेकून बसला होता. ऐन पंचविशीतला, खांदे नावाड्याचे, डोळे मात्र खोल गेलेले. मी याओत विचारत गेलो, तो सांगत गेला.

बंदीच्या काळात कुणीतरी चोरून मासे आणत होतं आणि लांबच्या टोकाला असलेल्या बवानालीच्याच धुरीघराच्या आडोशाला जाळं लपवत होतं. बवानालीला संशय होता त्वाइबूचा. त्यानं चारचौघांत त्याच्या थोबाडीत मारली आणि होडीवरून उतरवलं.

"मी चोर नव्हतो," त्वाइबू म्हणाला. "तेच सांगायला पहाटे गेलो. घरी बोललो असतो तर आई मध्ये पडली असती. तो दिसला नाही घरी, म्हणून धुरीघरात गेलो. दार आतून लोटलेलं होतं. तो खांबाला टेकून बसला होता, माझ्याकडे पाठ करून."

"मग?"

"मी बोललो. खूप वेळ बोललो. शपथ घेतली. रडलोसुद्धा. तो हूं का चूं करेना. मागे वळून बघेना. मी म्हटलं, शिवी तरी द्या! तरी नाही. मग वल्हं हातात कधी आलं ते मला कळलं नाही. एकच मारलं. तो आडवा झाला."

"नंतर?"

"दार ओढून घेतलं आणि पळालो. वाळूत पडलो. ओकाऱ्या झाल्या. डोकं फुटतंय असं वाटत होतं, पायात जीव नव्हता. अल्लानं तिथल्या तिथे शिक्षा दिली."

टिओंगेनं मला विचारायला लावलं, "आणि मांजर?"

त्वाइबूनं मान वर केली. "कसली मांजर?"

बाहेर आल्यावर ती उन्हातच थांबली.

"पोरगा खोटं बोलतोय का?" मी म्हटलं.

"नाही. अगदी खरं बोलतोय. म्हणूनच भीती वाटतेय. काका, हा बवानाली गप्प बसणारा माणूस होता?"

मला हसू आलं. "तो? नमाजात सुद्धा शेजाऱ्याची चूक काढायचा."

"मग पोरगा एवढं बोलत असताना त्यानं उत्तर का दिलं नाही?"

३

आसियातू सुतकात होती. पांढऱ्या फडक्यात डोकं गुंडाळून चटईवर बसलेली. एका बाजूला नवरा गेला, दुसऱ्या बाजूला मुलगा. कुणासाठी रडावं हेच तिला समजत नसावं.

"मयताला गुसल कुणी दिलं, शेवटची आंघोळ कुणी घातली?" टिओंगेनं विचारलं.

"मीच. बायकोचा हक्क असतो तो."

"ताई, वाईट वाटून घेऊ नका. रक्त किती गेलं होतं?"

आसियातूनं विचार केला. "तेच नवल वाटलं मला. एवढी मोठी खोक, पण कानामागे थोडंसंच होतं. फडकं फारसं भिजलंच नाही. आणि बाई, त्यांची नखं, हिरड्या कशा गुलाबी होत्या! पिकलेल्या पेरूच्या गरासारख्या. मेलेला माणूस पांढराफटक पडतो ना? मला वाटलं, अल्लानं चेहऱ्यावर नूर दिला."

टिओंगेनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचा आवाज आणखी हळू झाला.

"सापडले तेव्हा तुम्ही आत धावत गेलात?"

"जाणारच होते. कासिमूनं हाताला धरून मागे ओढलं. म्हणाला, थांब, दार उघडं राहू दे जरा, वारा जाऊ दे आत. स्वतः मागच्या बाजूला जाऊन आला. मग मला आत सोडलं. फार जपतो तो मला. आमच्या घराचा कर्ता तोच. पुढच्या महिन्यात गावचा मुखिया म्हणून त्याला पगडी बांधणार आहेत."

"तुमचे यजमान तिथे कशाला बसले होते?"

"चोराला पकडायला. रात्रभर दबा धरून बसणार होते. चुलाण नेहमीसारखं पेटतं ठेवणार होते, म्हणजे चोराला शंका येणार नाही."

"हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"कुणालाच नाही. मला एकटीला. त्यांनी शपथ घातली होती."

उठताना टिओंगे माझ्या कानात पुटपुटली, "काका, मयत आहे, हत्यार आहे, कबुली आहे. पण हे तिन्ही एकमेकांचे आहेतच असं नाही."

४

जायलोसी हा किनाऱ्यावरचा सर्वांत तोंडाळ कोळी. बवानालीनं त्याचं जाळं गेल्याच महिन्यात जाळलं होतं. आम्ही गेलो तर तो होडीला डांबर फासत होता.

"मी त्याला जिवंत गाडणार असं सगळ्या किनाऱ्याला सांगत फिरत होतो," तो म्हणाला. "इतकं सांगून कोण मारतं? शेळी चोरायची तर गावात दवंडी पिटतात काय?"

"त्या रात्री कुठे होतास?" मी विचारलं.

"सासुरवाडीला. सासूनं उरलेला मक्याच्या पिठाचा शिळा न्सिमा वाढला. जाऊन विचारा, तिला माझी फजिती सांगायला आवडतं."

सासूनं खरंच खुशीत सगळं सांगितलं. जायलोसी सुटला.

कासिमू त्याच्या होडीत जाळं सांधत बसला होता. निळ्या सुतळीचा गुंडा मांडीवर. धिप्पाड, पिकल्या दाढीचा, आवाज मऊ. टिओंगेला पाहून त्यानं होडीच्या तळातलं दमट गोणपाट उचललं, झटकलं आणि फळीवर पसरलं.

"बसा, बाई. फळी ओली आहे."

टिओंगे त्यावर बसली. तिनं त्या दिवशी पिवळा चितेंजे कमरेला गुंडाळला होता.

"त्वाइबू माझा भाचा," कासिमू म्हणाला. "आमच्यात मुलगा बापाचा नसतो, मामाचा असतो. माझं जे काही आहे ते त्याच्याकडे जाणार होतं. वाचवता येईल का त्याला?"

"प्रयत्न करते. बवानाली त्या रात्री धुरीघरात आहेत, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला? नाही. सकाळी बहीण शोधत आली तेव्हा कळलं." त्यानं सुतळीला गाठ मारली. "भला माणूस होता. तापट, पण भला."

बोलताना त्याचे डोळे भरून आले. मला ते अश्रू खरे वाटले. अजूनही खरेच वाटतात.

होडीतून उतरल्यावर माझं लक्ष गेलं आणि मी म्हटलं, "अहो वकीलबाई, मागे बघा! चितेंजेचं वाटोळं झालं."

तिनं कापड फिरवून पुढे घेतलं. पिवळ्या रंगावर काळा डाग उमटला होता. चिखलाचा नव्हे. धुराच्या काजळीचा, चिकट. बोटानं पुसला तर आणखी पसरला. आणि त्याचा आकार असा की मी दोनदा पाहिला. चौकोन, कडा सरळ, मधोमध एक आडवी स्वच्छ पट्टी.

"काका," ती म्हणाली, "होडीतल्या गोणपाटाला चौकोनी काजळी कशी लागेल?"

५

धुरीघर मातीच्या भिंतींचं, वर पत्रा. दार पुढे आणि मागच्या भिंतीत उंचावर धूर जायला एकच झरोका. इन्स्पेक्टर काम्वेंडो कंटाळून आमच्याबरोबर आले होते. मागच्या बाजूला त्यांनी तोवर पाऊलही टाकलं नव्हतं.

झरोका चौकोनी होता. मधोमध लोखंडी गज, आडवा.

टिओंगे दगडावर चढली. गजापाशी तोंड नेऊन तिनं काहीतरी बारकाईनं पाहिलं. मग मला चढवलं आणि दाखवलं. मी बोलायला तोंड उघडलं, तर तिनं माझा दंड इतक्या जोरात दाबला की मी "आई गं" म्हणून गप्प झालो.

"काय आहे वर?" काम्वेंडोंनी खालून विचारलं.

"साहेब, तुम्ही वर चढून बघा, मनात ठेवा आणि कुणालाही सांगू नका. मलासुद्धा."

ते कुरकुरत चढले. उतरले तेव्हा कुरकुर थांबली होती.

तिथून ती मला ओढत पुन्हा आसियातूकडे घेऊन गेली.

"ताई, एकदाच विचारते. यजमान तिथे बसणार हे तुम्ही कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नव्हतं?"

"नाही म्हटलं ना! कुणालाच नाही. फक्त कासिमूला बोलले. पण भावाला सांगणं म्हणजे का कुणाला सांगणं झालं?"

बोलून झाल्यावर तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं. मी नजर खाली केली. कधी कधी दुभाष्याला शब्द दुसऱ्या भाषेत न्यायची गरजच पडत नाही.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी काम्वेंडोंनी कासिमूला धुरीघरापाशी बोलावलं. घरचा कर्ता म्हणून. त्वाइबूलाही आणलं.

"बवानालीला वल्हं कुणी मारलं?" टिओंगे म्हणाली. "त्वाइबूनं. त्यात वाद नाही. पण वल्हं लागलं तेव्हा बवानाली जिवंत होते का?"

त्वाइबूच्या बेड्या खणखणल्या.

"बंद जागेत कोळसा धुमसत राहिला की हवेत विष होतं. त्याला वास नाही, रंग नाही. खोकलासुद्धा येत नाही, माणूस पेंगतो आणि जातो. अशा माणसाची नखं आणि हिरड्या गुलाबी होतात. थांबलेल्या काळजाच्या माणसाला खोक पडली तर रक्त वाहत नाही. मांजरीला कुणी वल्हं मारलं नव्हतं, तरी ती मेली. त्वाइबू आत थोडा वेळ उभा राहिला तरी त्याला ओकाऱ्या झाल्या, डोकं फुटायला आलं. त्याला वाटलं शिक्षा झाली. ती हवा होती." ती त्वाइबूकडे वळली. "त्यांनी तुझा अपमान केला नाही रे. ते उत्तर देऊच शकत नव्हते."



"धुरीघरात रोज चूल पेटते," काम्वेंडो म्हणाले. "रोज कुणी मरत नाही."

"कारण रोज झरोका उघडा असतो. त्या रात्री त्याच्यावर ओलं गोणपाट होतं. ते गोणपाट मी काल माझ्या कपड्यावर घेऊन आले." तिनं पिवळा चितेंजे पुढे धरला. चौकोन, मध्ये पट्टी. मग झरोक्याकडे बोट केलं. "आणि सकाळी, डोकं फुटलेला माणूस समोर पडलेला असताना, बहिणीला आत जाऊ न देता आधी वारा जाऊ दे असं कोण म्हणेल? आतली हवा जीव घेते हे ज्याला माहीत आहे तोच."

कासिमूचा चेहरा दगडासारखा होता. "गोणपाटं काय, सगळ्या किनाऱ्याची काळी असतात."

"असतील. म्हणून मी मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करणार आहे. हे विष रक्तात राहतं. कबर उघडली की—"

"कबर नका उघडू."

तो इतक्या हळू बोलला की मला पुन्हा विचारावं लागलं.

"कबर उघडू नका. निजू द्या त्याला. मी केलं."

त्वाइबू ओरडला, "मामा!"

मला वाटलं झालं. पण टिओंगेनं हात वर केला. "साहेब, एक कबुली घेऊन तुम्ही आधीच फसला आहात. शिवाय मी त्वाइबूची वकील, यांची नाही. यांना आधी सांगा की गप्प बसायचा हक्क आहे, वकील मिळायचा हक्क आहे. त्यानंतरही बोलले, तर जे फक्त करणाऱ्याला ठाऊक असेल ते विचारा."

काम्वेंडोंनी सगळं नीट सांगितलं. कासिमूनं मान हलवली. त्याला बोलायचंच होतं.

"गोणपाट झरोक्यावर टिकलं कसं?" काम्वेंडोंनी विचारलं.

"गजाला बांधलं. निळ्या सुतळीनं. सकाळी घाईत कापलं, गाठ तिथेच राहिली असेल."

गाठ तिथेच होती. त्या गजावर काल आम्ही तिघांनी पाहिली होती आणि कुणाला एका शब्दानं सांगितली नव्हती.

"जाळं माझं होतं," कासिमू सांगत राहिला. "धुरीघराच्या पायाशी पुरलेलं. सापडलं असतं तर बवानालीनं ते माझ्या तोंडासमोर जाळलं असतं, पगडीच्या आधी. वाटलं, धूर कोंडला की वैतागून घरी जाईल आणि मी जाळं काढून नेईन. मी बराच वेळ बाहेर थांबलो. तो आलाच नाही."

"मग गोणपाट का काढलं नाहीत?" टिओंगेनं विचारलं.

कासिमूनं तळ्याकडे पाहिलं. 

७

मला वाटलं होतं त्वाइबू त्याच संध्याकाळी घरी जेवेल. टिओंगे कोठडीत त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"खुनाचा आरोप जाईल," ती म्हणाली. "पण ऐक. आपल्याकडचा कायदा म्हणतो, समोरचा आधीच मेलेला असला तरी तो जिवंत आहे असं समजून त्याला ठार करायच्या हेतूनं वार केलास, तर तोही गुन्हा."

"म्हणजे मेलेल्या माणसाला मारायची शिक्षा?"

"नाही. मनात जे होतं त्याची. म्हणून विचारते, वल्हं उचललंस तेव्हा मनात काय होतं?"

मी त्याला याओत सांगितलं, आणि माझ्या पदरचं एक वाक्य घालायचा मोह झाला, की बाबा, नीट विचार करून बोल. मी घातलं नाही.

त्वाइबूनं भिंतीकडे तोंड फिरवलं. "त्यानं मागे वळून माझ्याकडे बघायला हवं होतं," तो म्हणाला. "बस. तो पडला तेव्हा मला वाटलं, आता तर कधीच बघणार नाही."

हे त्यानं कोर्टातही तसंच सांगितलं. एकच वार, तोही वल्ह्याच्या चपट्या बाजूनं, आणि नंतर आपल्या पायानं चौकीत. ठार करायचा हेतू नव्हता असं मानून मॅजिस्ट्रेटनी त्याला सोडलं. कासिमूचा खटला वरच्या कोर्टात लांबला. खून नव्हे, पण मृत्यूला कारण झाला असा निकाल लागून त्याला मोठी कैद झाली. पगडी दुसऱ्या घराण्यात गेली. त्वाइबू त्याला तुरुंगात भेटायला जातो. मामाच तो.

निकालाच्या दिवशी आसियातू कोर्टाच्या पायऱ्यांवर आमची वाट बघत होती. सुतक संपलं होतं, तरी डोक्याला पांढरंच फडकं होतं. तिनं टिओंगेचा हात धरला आणि मला म्हणाली, "हिला विचार. माझ्या नवऱ्यानं शपथ घातली होती. मी भावाला सांगितलं नसतं, तर दोघंही आपापल्या घरी असते. मग मारलं कुणी? मीच ना?"

मी ते टिओंगेला सांगितलं, कसंबसं.

ती पायरीवर तिच्या शेजारी बसली. "ताई, यावर मी पुष्कळ अभ्यास केला आहे, म्हणून सांगते, समजूत घालायला नाही. तुमच्या बोलण्यानंतर आणि त्यांच्या मरणाच्या आधी एक माणूस उभा होता. जाणता, शहाणा. ते ऐकून तो घरी जाऊन झोपू शकला असता. गोणपाट बांधल्यावरसुद्धा काढू शकला असता. त्यानं जे ठरवलं, ते त्यानं ठरवलं. तुमच्या शब्दाची वाट तिथे संपते. कायदा तिच्या पुढे तुम्हाला नेत नाही, आणि तुम्हीही जाऊ नका."

मी वाक्य वाक्य करून याओत सांगितलं. आसियातू ऐकत होती, ओठ हलवत, जणू पाठ करतेय.

"हे हिला शाळेत शिकवलं?"

"हो," मी म्हटलं.

"मग आणखी एकदा सांगायला सांग," ती म्हणाली. "सावकाश."